आमटीतली पुडी

आमची नलिनी वेडी नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण भटवाडीत अजून कुणी ना कुणी बोलतं, "जानकीची सून ना? ती मुलुंडला शॉक देऊन आणलेली?" असं कानावर आलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शॉक दिले हे खरं. वेडी होती हे साफ खोटं. तिला वेडी कुणी ठरवली ते मी सांगते, आणि सांगताना माझं स्वतःचं नाव आलं तर ते गाळणार नाही.

बासष्ट साल. दारूबंदी होती. दारूबंदी म्हणजे काय, तर दारू हवी तिथे मिळायची, फक्त तिचं नाव घ्यायचं नाही. माझा जयवंत विक्रोळीच्या एका कंपनीत फिटर, सकाळच्या पाळीला. साडेतीनला सुटलेला माणूस सात वाजता घरी यायचा, डोळे तांबडे, तोंडात वेलची. अरे मेल्या, मी तुला जन्म दिला, मला वेलचीच्या मागचा वास कळत नाही? त्याचा बाप गिरणीत होता तेव्हा असाच प्यायचा, आणि शेवटी पोटात पाणी होऊन गेला. एक गेला, दुसरा जाऊ द्यायचा नाही, असं मी मनाशी घट्ट धरलं होतं.

नलिनी तेव्हा पहिलटकरीण, बाळंत होऊन दोन महिने झालेले. मुलगी झाली. मी म्हटलं, माझ्या सासूचं नाव ठेवू, शेवंती. तर ही तोंडावर म्हणाली, "नाही आई, सुलक्षणा ठेवायचं. मी नऊ महिने हेच नाव मनात घोकलंय." अशी होती. फटकळ, पण मनात एक नि ओठांत एक असं नाही. मला ती आवडायची. हे मी तिला एकदाही बोलून दाखवलं नाही. सुनेला डोक्यावर चढवून ठेवू नये असं आम्हांला शिकवलेलं.

स्टेशनजवळ शरच्चंद्र डॉक्टरांचा दवाखाना होता. अर्ध्या घाटकोपरला त्यांच्या हाताचा गुण यायचा म्हणे. मी एकटीच गेले, जयवंतला न सांगता. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दारू सुटायचं विलायती औषध आहे. गोळी असते. घेईल का तो?"

"मेला तरी घेणार नाही."

"मग पुड्या करून देतो. रोज एक, त्याच्या जेवणात मिसळायची. त्याला अजिबात कळू द्यायचं नाही. ही पोटात असताना दारूचा घोट जरी गेला ना, तोंड लालबुंद होईल, छाती धडधडेल, उलटी होईल, आपण मरतो की काय असं वाटेल. दोनतीनदा असं झालं की आपणहून सोडेल."

"मरणार नाही ना हो?"

"छे! फक्त घाबरेल."

पांढऱ्या कागदाच्या पंधरा पुड्या दिल्या. कागदावर नाव नाही, गाव नाही. औषधाचं नाव काय हे विचारायची आपली छाती कुठली! डॉक्टर म्हणजे देव, आणि देवाला कुणी चिठ्ठी मागतं का? पुड्या तांदळाच्या डब्यात लपवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून जयवंतच्या ताटात भातावर आमटी वाढली की वर पुडी भुरभुरून कालवून द्यायला लागले.

आता ऐका, खरी गोम इथेच आहे. जयवंत पिऊन आला की बाहेर काहीबाही खाऊन आलेला असायचा. ताटावर बसायचा तो नावाला. माशाची तळलेली तुकडी खायची, भाकरीचा कोर मोडायचा, आणि आमटीभात तसाच टाकून उठायचा. आणि आमच्यात नवऱ्याचं जेवण झालं की बायकोनं त्याच ताटात बसायचं. मी माझ्या नवऱ्याच्या ताटात जेवले, माझी सासू तिच्या. नलिनी लग्न होऊन आली तेव्हा तिनं वेगळं ताट घेतलं होतं. मीच तिच्या हातातून काढून घेतलं. म्हटलं, "ह्या घरात ही फॅशन नको." त्या दिवसापासून ती मुकाट त्याच्या ताटात बसायची. टाकलेला भात म्हणजे अन्नाचा अपमान, म्हणून सगळा पुसून खायची. मी रोज बघत होते. पण रोज दिसणारी गोष्ट माणसाला कधी दिसते? चूल दिसते का? उंबरा दिसतो का?

आणि दुपारी जेवण झालं की मीच तिला द्राक्षासव द्यायचे. बाळंतिणीला शक्ती यावी, दूध यावं. बाटलीवर दोन चमचे लिहिलेलं. मी चांगली अर्धी वाटी द्यायचे. तेवढाच माझा सुनेवरचा जीव, तोंडाने नाही तर वाटीने.

तिसऱ्या दिवशी दुपारी नलिनीनं वाटी खाली ठेवली आणि दहा मिनिटांत तिचं तोंड टोमॅटोसारखं लाल झालं. मान लाल, डोळे लाल. छातीवर हात दाबून म्हणाली, "आई, माझं काहीतरी होतंय. माझं काळीज बाहेर येतंय." मोरीत जाऊन ओकली, तिथेच भिंतीला टेकून बसली. तासाभरानं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, आणि त्या दिवशी ती किंचाळली, "मी मरतेय, माझ्या पोरीला धरा!" चाळ गोळा झाली. शेजारची सखुबाई म्हणाली, "ओली बाळंतीण गो ती. बाहेरचं काहीतरी लागलंय." मी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, अंगारा लावला, आणि पुन्हा शक्ती भरून यावी म्हणून वाटी द्राक्षासव जास्त दिलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात ना, तसा मी रोज मारुती करत होते.

आणि जयवंत? त्याला काही झालं नाही. टुणटुणीत. मी मनात म्हणायचे, औषध लागू पडायला वेळ लागत असेल.

आठव्या दिवशी शरच्चंद्र डॉक्टरांना घरी बोलावलं. नलिनी खाटेवर, तोंड लालबुंद, छाती धडधडतेय, नुकतीच ओकून झालेली. ज्या माणसानं स्वतःच्या जिभेनं मला ही लक्षणं एकेक करून सांगितली होती, त्यानं ती स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आणि ओळखली नाहीत! का? तर बाई आहे. बाई दारू कुठे पिते? मग बाईला काय होणार? डोक्याचंच होणार.

नलिनी त्यांना म्हणाली, "डॉक्टर, सकाळी मी धडधाकट असते. दुपारी जेवल्यावरच होतं. माझ्या पोटात काहीतरी जातंय."

"पोटात जातंय म्हणजे? घरचं कुणी घालतंय असं वाटतं तुम्हांला?"

"मी कुणाचं नाव घेत नाही. जातंय एवढं मला कळतंय."

घरात तेवढं एकच माणूस शहाणं बोललं, आणि त्याच वाक्यावर ती वेडी ठरली. डॉक्टर जयवंतला बाहेर गॅलरीत घेऊन गेले. "घरचेच विष घालतात असा संशय येतो ह्यात. बाळंतपणानंतर काही बायकांचं डोकं फिरतं. मुलुंडला माझ्या ओळखीचं नर्सिंग होम आहे. वेळेवर शॉक दिले तर हमखास बरी होईल. आणि पोर तिच्याजवळ ठेवू नका, अशा बायका पोराला काही करतात." मी दाराच्या आड उभी राहून ऐकत होते आणि मान हलवत होते. मान हलवत होते हो! तांदळाच्या डब्यात माझ्या पुड्या, आणि मी मान हलवत होते.

शनिवारी तिला मुलुंडला नेलं. पोरीला माझ्या हातात देताना तिनं एकच सांगितलं, "आई, मला वेड लागलेलं नाही. तुम्ही तरी सांगा ना." मी म्हटलं, "बरी होऊन ये, मग बोलू." सहा शॉक ठरले, एक दिवस आड, रविवार सोडून. सोमवारी पहिला.

तिथे काय झालं, तर तिचे झटके एकदम थांबले. थांबणारच! तिथे ना जयवंतचं ताट, ना माझी वाटी. पण मोठे डॉक्टर जयवंतला म्हणाले, "बघा, एका शॉकमध्ये केवढा फरक." त्यांची छाती फुगली, आणि आम्ही हात जोडले.

शनिवार-रविवारची भांडी माझ्या धावपळीत सखुबाईनंच घासली होती. मंगळवारी सकाळी मी आदल्या दिवसाचं जयवंतचं ताट घासायला घेतलं. ताटात आमटीभाताचा डोंगर तसाच. मी हातात राख घेऊन बघत राहिले. नलिनी नाही, म्हणून भात उरलाय. मग नलिनी होती तेव्हा हा भात कुठे जायचा?

तरी एक कोडं होतंच. पुडी तिच्या पोटात गेली, पण दारू कुठे गेली? ती तर वासानं नाक मुरडायची. तिच्यासाठी मुलुंडला द्राक्षासवाची नवी बाटली न्यायची होती म्हणून तशीच बाजारातल्या वैद्याच्या दुकानात गेले. वैद्य दादू ओळखीचा. म्हणाला, "काकी, महिन्यात तिसरी बाटली? जरा जपून. पोलीस येऊन विचारून जातात."

"औषधाचं पोलिसांना काय करायचंय?"

"अहो आसव म्हणजे आंबवलेलं. त्यात दारूचा अंश असतो. गुत्ता बंद असला की लोक हेच ढोसतात." आणि हसला.

मी बाटली पिशवीत घातली आणि दुकानाची पायरी उतरले. ताट माझं, पुडी माझी, वाटी माझी. तिन्ही माझ्या हातची.

आता तुम्ही म्हणाल, मग धावत का नाही गेलीस मुलुंडला? नाही गेले. हेच सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते आणि म्हणूनच सांगते. मला वाटलं, जयवंतला कळलं तर तो माझ्या हातचं पाणी पिणार नाही. घर सोडून गुत्त्यावरच राहायला जाईल. आणि नलिनी तर आता बरी आहे, झटके थांबलेत, काढेल आणखी दोन दिवस. असा हिशेब मी केला. माझा मुलगा एका पारड्यात आणि दुसऱ्याची मुलगी दुसऱ्या पारड्यात. बुधवारी तिला दुसरा शॉक दिला.

बुधवारी मी तिला भेटायला गेले. जीभ चावू नये म्हणून दातांत फडकं कोंबलेलं, त्यानं ओठ फाटलेला. माझ्याकडे बघून परक्या बाईकडे बघावं तशी हसली. मी म्हटलं, "सुलक्षणा झकास आहे हं." तिनं विचारलं, "कोण सुलक्षणा?"

गुरुवारी उठून मी शरच्चंद्र डॉक्टरांकडे गेले. दवाखाना भरलेला. मी सरळ पडदा सारून आत शिरले आणि सगळं घडाघडा सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि माणसाचा चेहरा कसा बंद होतो ते मी त्या दिवशी बघितलं.

"कसल्या पुड्या?" म्हणाले.

"तुम्ही दिलेल्या! जयवंतसाठी!"

"बाई, न तपासलेल्या माणसाला मी औषध देईन का? कागदावर माझं नाव आहे का? कुठून तरी बाबाबुवाच्या पुड्या आणल्या असतील आणि आता माझ्यावर ढकलता."

चोराच्या उलट्या बोंबा! मी त्यांच्या टेबलावर हात आपटला तशी कंपाउंडरनं दंडाला धरून बाहेर काढलं. बाकावरची माणसं माझ्याकडे बघत होती. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "हिची सून वेडी झालीय ना, हिला पण लागण झाली वाटतं."

शुक्रवारी मी मुलुंडला मोठ्या डॉक्टरांना गाठलं. तिसऱ्या शॉकच्या आधी. हात जोडून सांगितलं, ताटाचं, पुडीचं, आसवाचं. ते गोड हसले. "आजी, सुनेवर माया आहे तुमची. पण तुम्ही म्हणता ते डॉक्टर तर असं काही दिलंच नाही म्हणतात. कालच त्यांचा फोन आला होता मला. आणि दोन चमचे औषधानं कुणाला एवढं होतं का?" खांद्यावर थोपटलं आणि आत गेले. दार बंद झालं. आतून तिचा आवाज आला, एकदाच. नंतर काही नाही.

त्या दाराबाहेर उभं राहून मला जो राग आला, तो जन्मात आला नव्हता. नवरा मारायचा तेव्हा आला नव्हता. माझं म्हणणं खोटं, कारण मी अडाणी. तिचं म्हणणं खोटं, कारण ती वेडी. त्यांचं तेवढं खरं, कारण त्यांच्या गळ्यात नळी. बरं, म्हटलं. तोंडाचं ऐकत नाही ना? मग डोळ्यांनी बघा.

डब्यात तीन पुड्या उरल्या होत्या. शुक्रवारी एक मी पाण्याबरोबर घेतली. शनिवारी एक. रविवारी एक. जयवंतला सांगितलं नाही, सखुबाईला सांगितलं नाही. पोरीला मात्र सखुबाईकडे ठेवली, कारण पुढे काय होईल ते मला ठाऊक नव्हतं. माझं वय तेव्हा छप्पन.

सोमवारी चौथा शॉक. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत जयवंत कागदावर सही करायला बसला होता. मी आत गेले, पिशवीतून द्राक्षासवाची बाटली काढली, बूच उघडलं आणि उभ्या उभ्या अर्धी बाटली घशात ओतली.

"आई! हे काय करतेस?"

"बसून राहा. तुम्ही पण, डॉक्टर. भिंतीवरचं घड्याळ बघत बसा."

त्यांना वाटलं, म्हातारीचंही डोकं फिरलं. डॉक्टरांनी नर्सला हाक मारली. पाच मिनिटं गेली. मग कानांतून आग निघाल्यासारखं झालं. तोंड तापलं, मान तापली, छातीत कुणी उखळात मुसळ घालतंय तसे ठोके. जे नलिनीनं रोज दुपारी सोसलं ते मला तेव्हा समजलं. मरण समोर येऊन बसतं हो. खोटं नाही, खरंच बसतं. मी डॉक्टरांच्या टेबलावर, त्यांच्या त्या कागदावर, भडभडून ओकले.

डॉक्टर उठून उभे राहिले. नाडी धरली, डोळे बघितले. हसू कुठल्या कुठे गेलं.

"आता सांगा," मी धापा टाकत म्हटलं, "मी बाळंतीण आहे का? माझं डोकं फिरलंय का? फिरलं असेल तर लावा माझ्या डोक्याला ते तुमचं यंत्र. चला, लावा! तिला लावताना एवढा वेळ घेतला नव्हता!"

दोन तास मला खाटेवर झोपवून ठेवलं. पण चौथा शॉक झाला नाही. तेवढं मी मिळवलं.

जयवंत माझ्या उशाशी येऊन बसला. मला वाटलं, हा आता रडेल, बायकोसाठी दोन शब्द बोलेल. तो म्हणाला, "आई, तू माझ्या जेवणात औषध घालत होतीस? मला न विचारता? कंपनीत कळलं असतं तर माझी काय वाट लागली असती!" याच्यासाठी मी ते पारडं जड केलं होतं.

मंगळवारी नलिनीला घरी सोडलं. कागदावर लिहिलं, तीन शॉकनंतर चांगली सुधारणा. आसवाचं नाव नाही, पुडीचं नाव नाही, चुकलो असं तर कुठेच नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, खरं लिहा. ते म्हणाले, "आजी, प्रकरण वाढवू नका. बरी झाली ना?" बरी झाली! जी कधी आजारीच नव्हती ती बरी झाली!

घरी आल्यावर चार दिवस ती गप्प होती. कढई कुठे ठेवतात ते विसरलेली. दूध आटून गेलेलं, पोर बाटलीला लागलेली, तिला जवळ घेतलं की मान फिरवायची. ते बघून नलिनी रडली नाही. नुसती पोरीच्या कपाळावरून बोट फिरवत बसायची आणि हळू आवाजात नाव घोकायची, सुलक्षणा, सुलक्षणा, पुन्हा विसरू नये म्हणून. मी रोज तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न लपवता. पाचव्या दिवशी तिनं मान वर केली.

"आई, तुम्हांला कधी कळलं?"

मी खोटं बोलू शकले असते. तिला वार आठवत नव्हते.

"मंगळवारी."

"दुसरा शॉक कधी दिला?"

"बुधवारी."

"तिसरा?"

"शुक्रवारी."

तिनं बोटांवर मोजलं, लहान मूल मोजतं तसं. "म्हणजे पहिला डॉक्टरांचा," ती म्हणाली. "दोन तुमचे."

ती उठली, ट्रंक ओढली, पोरीचे कपडे भरायला लागली. कुर्ल्याला तिचा भाऊ रामनाथ राहायचा. जयवंत तेवढ्यात आला, तोंडात वेलची. ट्रंक बघितली आणि मला म्हणाला, "जाऊ नको देऊस. तिचं डोकं अजून ठिकाणावर नाही."

तेव्हा मी माझ्या कमावत्या मुलाच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. वेलची तोंडातून उडून जमिनीवर पडली. "ह्या घरात तिचंच एकटीचं डोकं ठिकाणावर होतं, मेल्या! तुझं नव्हतं, माझं नव्हतं, त्या डॉक्टरांचं नव्हतं. सरक बाजूला."

ट्रंक मी उचलली. बसच्या थांब्यापर्यंत मीच नेली, वाटेत कुणाला हात लावू दिला नाही. भटवाडी गॅलऱ्यांतून बघत होती, बघू दे म्हटलं. थांब्यावर टेकले तेव्हा हात भरून आले होते. मी म्हटलं, "नलिनी, बस येईपर्यंत पोरीला दे ना माझ्याकडे, तुझा हात अवघडला असेल." तिनं पोरीला आणखी घट्ट धरलं आणि बसची वाट बघत उभी राहिली.